विकत घेतलेला खेळ आणि परगावची किल्ली



गेल्या पावसाळ्यात, चवथीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवसाची गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतील एक मुलगा शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन घुटमळत उभा राहिला. वर्गात तो शुद्ध मराठीत उत्तरे देतो. पण त्या दिवशी मनातील भीती घरच्या भाषेतूनच बाहेर पडली. "सर, म्हजें कितें चुकलें?" एवढेच तो म्हणाला आणि रडकुंडीला आला.

हकिकत अशी होती. त्याचे वडील दुसऱ्याच्या कुळागरात काम करतात. काजूच्या हंगामात साठलेल्या पैशांतून त्यांनी मुलांच्या अभ्यासासाठी एक जुना संगणक घेतला होता. मामाने त्यासोबत मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळाची चकती दिली. ती मामाने काही वर्षांपूर्वी दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेली होती. चकती आत घातली की खेळ सुरू होई. चवथीला पुण्याहून आलेल्या चुलतभावाने पेन ड्राइव्हवर त्या खेळाचे 'अपडेट', म्हणजे कंपनीने नंतर काढलेली दुरुस्तीची पुरवणी आणली. हौसेने ती संगणकावर चढवली, आणि खेळ उघडेना. पडद्यावर सूचना आली की, हा खेळ सक्रिय करण्यासाठी संगणक इंटरनेटशी जोडावा. मुलाचे घर डोंगराच्या कुशीतील वाड्यावर. तेथे इंटरनेट नाही, आणि पावसात मोबाइलची रेंजही धड लागत नाही. संगणक आपणच बिघडवला, वडिलांना काय सांगावे, या विचाराने त्याला दोन रात्री झोप नव्हती.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राच्या पोटातील विद्या मला शिकावी लागली ती या मुलाच्या प्रश्नामुळे. जे समजले ते तुमच्यापुढे मांडतो.

1. किल्ली पूर्वी कोठे असे?

संगणकावरील कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल क्षणार्धात करता येते. एका मुलाने घेतलेली चकती दहा मित्रांनी उतरवून घेतली, तर खेळ तयार करणाऱ्यांच्या श्रमांचे मोल एकदाच मिळते. म्हणून विक्रेत्यांनी प्रथमपासून नाना तऱ्हेची कुलुपे योजली. सन 1980 च्या दशकात कित्येक खेळ सुरू होताना विचारीत : "पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्द लिहा." ज्याच्यापाशी मूळ पुस्तिका, त्यालाच उत्तर ठाऊक. 1990 साली निघालेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळासोबत पुठ्ठ्याचे एक फिरते चक्र मिळे. त्यावर चाच्यांच्या चेहऱ्यांचे वरचे व खालचे अर्ध जुळवून उत्तर काढावे लागे. पुढे चकतीच तपासण्याची पद्धत आली : मूळ चकती यंत्रात असेल तरच खेळ चालावा.

या साऱ्या युक्त्यांत एक गोष्ट समान होती. पुस्तिका, चक्र किंवा चकती ग्राहकाच्या घरीच असे. कुलूपही घरात आणि किल्लीही घरात. पुस्तिका हरवली तर दोष आपला. पण विक्रेत्याचे दुकान बंद पडले म्हणून आपला खेळ बंद पडत नसे.

2. किल्ली परगावी गेली

ऑक्टोबर 2001 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज एक्सपी' ही प्रणाली बाजारात आली. ती घेणाऱ्या घरगुती ग्राहकाला 30 दिवसांच्या आत ती 'सक्रिय' करून घ्यावी लागे. मात्र त्यासाठी दोन वाटा होत्या. इंटरनेट असेल त्याने इंटरनेटवरून करावे. नसेल त्याने दूरध्वनी करून पडद्यावरील अंक वाचून दाखवावेत आणि उत्तरादाखल मिळालेले अंक टंकित करावेत. ही दुसरी वाट ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

खेळांच्या बाबतीत मोठे वळण आले ते अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या व्यवस्थेमुळे. ती सप्टेंबर 2003 मध्ये सुरू झाली. तिचा मूळ हेतू उपयुक्तच होता. इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणाऱ्यांपैकी काहींजवळ जुनी आवृत्ती व काहींजवळ नवी असली, तर खेळ जमत नाही. म्हणून सर्वांना पुरवणी आपोआप पोहोचावी अशी सोय करण्यात आली. परंतु नोव्हेंबर 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' हा खेळ आला, तेव्हा तीच सोय सक्ती झाली. हा खेळ मुख्यतः एकट्याने खेळावयाचा. दुकानातून खोका आणला, आत चकत्या होत्या. तरीही इंटरनेटवर स्टीममध्ये नोंदणी केल्याखेरीज तो उघडत नसे. घरी इंटरनेट नसणाऱ्याच्या हाती पैसे देऊनही बंद पेटी आली. ज्यांच्या घरी ते होते त्यांनाही पहिल्या दिवशी गर्दीमुळे ताटकळत बसावे लागले.

पुढील काही वर्षांत ही साखळी आणखी आवळत गेली. 2007 सालच्या 'बायोशॉक'ला व 2008 सालच्या 'स्पोअर'ला किती वेळा सक्रिय करता येईल यावर मर्यादा होती; ग्राहकांच्या तक्रारींनंतर ती सैल करावी लागली. 2008 मध्येच 'मास इफेक्ट' या खेळाची संगणकावरील आवृत्ती दर 10 दिवसांनी इंटरनेटवरून परवानगी घेईल असे ठरले होते. विरोध होताच तो बेत मागे घेण्यात आला. 2010 साली 'असासिन्स क्रीड 2' या खेळाने तर संगणक सतत जोडलेला असावा अशी अट घातली. मार्च महिन्यात कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि घरी इंटरनेट असलेल्या प्रामाणिक ग्राहकांचाही खेळ थांबला.

2013 सालचा प्रसंग विशेष बोधप्रद आहे. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' हे खेळयंत्र जाहीर करताना, ते दर 24 तासांत एकदा इंटरनेटशी जोडले पाहिजे, अशी अट सांगितली. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचे जुने यंत्र आहेच, असे उत्तर कंपनीच्या एका अधिकाऱ्याने दिले. त्यावर जगभर नाराजी उसळली. दूरच्या ठाण्यांवर राहणाऱ्या अमेरिकन सैनिकांनीही कुरकुर केली. 19 जून 2013 रोजी, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, ती अट रद्द झाली. ग्राहकांनी एकमुखाने बोलावे आणि विक्रेत्याने ऐकावे, असे क्वचित घडते, पण घडते.

3. सक्रियता म्हणजे नेमके काय?

आता यंत्राच्या आत डोकावू. सक्रिय करणे म्हणजे चार पायऱ्यांचा व्यवहार होय. प्रथम, संगणक आपल्या अंगच्या भागांवरून स्वतःचा एक ओळख-अंक तयार करतो. दुसरे, तो अंक व खोक्यावरील खूण-अंक कंपनीच्या सर्व्हरकडे जातात. तिसरे, सर्व्हर आपली वही उघडून पाहतो की, ही प्रत यापूर्वी कितींनी वापरली. चौथे, सारे ठीक असल्यास तो आपल्या सहीचे उत्तर परत पाठवतो. ते उत्तर संगणकात जपून ठेवले जाते आणि खेळ प्रत्येक वेळी ती सही तपासतो.

कागद नाही, शाई नाही. मग ही सही कशी? 1977 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी अंकांच्या सहीची एक रीत शोधली. छोट्या आकड्यांवर ती आपण वहीतही करून पाहू शकतो.

समजा, कंपनीने 33 हा अंक निवडला. तिने 3 हा अंक उघड केला आणि 7 हा अंक गुप्त ठेवला. तुमच्या संगणकाचा ओळख-अंक 5 आहे. कंपनी 5 ला सात वेळा मांडून गुणाकार करते : 78125. त्याला 33 ने भागले असता बाकी 14 उरते. हे 14 म्हणजे सही. ते तुमच्याकडे आले. तुमच्या संगणकाला गुप्त अंक ठाऊक नाही; उघड अंक 3 ठाऊक आहे. तो 14 चा तीन वेळा गुणाकार करतो : 2744. त्याला 33 ने भागतो, बाकी 5. आपलाच ओळख-अंक परत आला, म्हणजे सही खरी! हेच 14 शेजाऱ्याने आपल्या, 6 ओळख-अंक असलेल्या संगणकात घातले, तर बाकी 5 च येईल, 6 येणार नाही. सही नाकारली जाईल.

येथे 33 चे अवयव 3 व 11 हे कोणीही सांगेल, आणि त्यावरून गुप्त अंकही काढील. म्हणून प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात. तिचे अवयव शोधणे आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. सही तपासण्याचे काम घरच्या संगणकाने एकट्याने केले. त्यास इंटरनेट लागले नाही. कंपनीकडून आणावयाचे होते ते फक्त एक उत्तर. ते दूरध्वनीवरून ऐकता येते, कागदावर लिहून आणता येते, दुसऱ्याच्या मोबाइलवर मिळवून हाताने टंकित करता येते. 2001 साली विंडोजच्या बाबतीत दूरध्वनीवर हेच होत असे. म्हणजे तुमचाच संगणक इंटरनेटशी जोडला पाहिजे, ही अट गणिताने घातलेली नाही. ती विक्रेत्याने घातलेली आहे, कारण दूरध्वनीवर माणसे बसवण्यापेक्षा त्याला ती स्वस्त पडते.

4. पुरवणीनेच घोटाळा का केला?

चालता खेळ पुरवणीने का अडला, हे आता समजणे सोपे आहे. खेळाच्या दाराशी एक द्वारपाल असतो. म्हणजे खेळ सुरू करून देणारी मुख्य फाइल. जुन्या आवृत्तीतील द्वारपाल चकती पाहून आत सोडत असे. पुरवणी पुष्कळदा ही मुख्य फाइलच बदलते. नवा द्वारपाल चकती ओळखत नाही. तो सहीचे पत्र मागतो. मुलाने काही मोडले नव्हते. त्याच्या नकळत दाराचे कुलूप बदलले गेले होते, एवढेच.

पुरवणी आणि सक्रियता या दोन वस्तू वजनानेही फार वेगळ्या आहेत. आजचे मोठे खेळ 60 गिगाबाइटचे असणे नवलाचे नाही. मोबाइलवर दिवसाला दीड गिगाबाइट मिळते असे धरले, तर सारेच्या सारे त्यावर खर्चूनही 40 दिवस लागतील. सेकंदाला 4 मेगाबिट या वेगाने अखंड उतरवले, तरी 33 तासांहून अधिक वेळ जाईल. म्हणून पुरवणी पेन ड्राइव्हवरून आणणे शहाणपणाचे. याउलट सहीचे पत्र इतके हलके असते की, मिनिटभराची जोडणी त्याला पुरते. जड ओझे बसमधून आणावे, हलके पत्र मोबाइलवरून, हा नियम लक्षात ठेवावा.

5. आम्ही काय केले?

येत्या शनिवारी संगणकाची पेटी शाळेत घेऊन ये, असे मी त्याला सांगितले. त्याचे वडील पेटी गोणपाटात गुंडाळून, वर प्लॅस्टिक घालून, स्कूटरवर पुढे ठेवून स्वतः आले. मुलगा मागे छत्री धरून बसला होता. "पोराने मोडला असेल तर सांगा, सर," ते म्हणाले. "मोडलेला नाही," हे शब्द ऐकताच बाप-लेकांच्या चेहऱ्यांवर जो फरक पडला, तो पाहून मला शिकल्याचे सार्थक वाटले.

जुन्या संगणकात वाय-फाय नव्हते; पण मोबाइल साध्या यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते. शाळेच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी रेंज चांगली मिळते. तेथे टेबल लावले. खेळ उघडून देणाऱ्या प्रणालीने आधी स्वतःचेच अपडेट मागितले. त्यात माझ्या मोबाइलचे त्या दिवसाचे इंटरनेट बहुतेक संपले. त्यानंतर सक्रियतेला मिनिटही लागले नाही. मोटारी धावू लागल्या. मुलाच्या वडिलांनी आयुष्यात प्रथमच संगणकावर मोटार चालवली आणि पहिल्याच वळणावर ती कठड्यावर आदळली!

घरी इंटरनेट नसणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

खेळ घेण्यापूर्वी खोक्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. इंटरनेट 'एकदाच' लागते की 'सतत', हे पाहावे. सतत लागत असेल तर तो खेळ घेऊ नये. पुरवणी चढवण्यापूर्वी जुन्या आवृत्तीची प्रत राखून ठेवावी. चालत्या खेळाला, कारण नसता, पुरवणी लावू नये. बाहेर जोडणी मिळेल तेव्हा सारे अपडेट पूर्ण करून, खेळ एकदा तेथेच उघडून पाहावा, आणि सोय असल्यास 'ऑफलाइन' पद्धत लावून मगच घरी आणावा. आणि शक्य असेल तर ज्यांना सक्रियता लागतच नाही असे खेळ निवडावेत. पोलंडमधील 'जीओजी' हे दुकान 2008 पासून असे खेळ विकते. तेथील खेळाची फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली की इंटरनेटवाचून कोणत्याही वेळी चढवता येते.

6. खेळ माझा की त्यांचा?

पेटी पुन्हा गोणपाटात बांधताना मुलाने विचारले, "सर, उद्या त्यांचा सर्व्हरच बंद झाला तर?" प्रश्न पोरकट नाही. 2014 साली आलेल्या 'द क्रू' या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद करण्यात आले. त्या खेळाला सतत जोडणी लागत असल्याने, ज्यांनी तो विकत घेतला होता त्या सर्वांपाशी निरुपयोगी वस्तू उरली. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि जुलै 2025 अखेर युरोपीय संघातील तिच्या मागणीपत्रावर 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला : ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' असा शब्द वापरू नये.

परवाना व मालकी यांतील भेद आपल्या गोव्यातील माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. मुंडकाराने भाटकाराच्या जमिनीत स्वतःच्या हातांनी घर बांधावे, पिढ्या काढाव्यात, आणि तरीही भाटकाराची मर्जी फिरली की सामान उचलावे, हे आपल्या आजोबांनी पाहिले आहे. त्या अन्यायाला आळा घालण्यासाठी 1975 साली मुंडकार संरक्षण कायदा करावा लागला. घर आणि खेळ यांची बरोबरी मी करीत नाही. घर गेले तर माणूस उघड्यावर पडतो, खेळ गेला तर एक संध्याकाळ जाते. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारी वस्तू आपली म्हणता येते काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आणखी एक गोष्ट मुलाने खाली मान घालून सांगितली. कुलूप तोडलेली फुकट प्रत देतो, असे एका मित्राने त्याला सांगितले होते. तिला इंटरनेट लागत नाही, परवानगी लागत नाही. त्याने ती घेतली नाही. का घेतली नाही, असे मी विचारले. "मामाने पैसे दिले होते ना, सर," तो म्हणाला. ज्याने पैसे दिले तो दाराबाहेर उभा आणि ज्याने चोरले तो आत खेळत बसला, ही व्यवस्था मला पटत नाही. तरीही चोरलेली प्रत घेऊ नये असेच मी म्हणेन. अशा प्रतीतून संगणकाला अपाय करणारे कार्यक्रम शिरतात, हे तर खरेच. शिवाय खेळ रचणारेही कष्ट करूनच पोट भरणारे लोक आहेत. पण प्रामाणिक माणसाला प्रामाणिकपणाचा त्रास होऊ नये, ही काळजी विक्रेत्यांनीही घेतली पाहिजे, आणि ती घेतली जावी म्हणून ग्राहकांनी बोलले पाहिजे. तुम्ही मोठे होऊन असे कार्यक्रम लिहाल, तेव्हा डोंगरापलीकडील वाड्यावरच्या एका घराची आठवण ठेवा. तेथेही कोणीतरी पैसे मोजून तुमची वस्तू घेतलेली असेल.

अभ्यासासाठी प्रश्न

1. वरील उदाहरणात संगणकाचा ओळख-अंक 2 असल्यास कंपनीची सही कोणती येईल? उघड अंक 3 वापरून ती पडताळून पाहा.

2. 45 गिगाबाइटचा खेळ दिवसाला दीड गिगाबाइटप्रमाणे उतरवण्यास किती दिवस लागतील? तीच फाइल 64 गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवरून आणण्यासाठी शहरात जाण्या-येण्यास एक दिवस लागत असल्यास किती दिवस वाचतील?

3. तुमच्या घरातील कोणत्या वस्तू तुमच्या मालकीच्या आहेत आणि कोणत्या केवळ परवान्याने वापरता? वडीलधाऱ्यांशी चर्चा करून यादी करा.